गोव्याची पोथी : मलय वाङ्मयाच्या ‘पार्श्वभूमी’चा प्रश्न

वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत पहिले प्रकरण बहुधा पार्श्वभूमीचे असते. राजकीय, धार्मिक व सांस्कृतिक असे तिचे भाग पाडायचे, प्रत्येकात आवश्यक तेवढी सनावळी भरायची आणि मग दुसऱ्या प्रकरणापासून ‘खऱ्या’ वाङ्मयाकडे वळायचे, ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्यामागे एक विशिष्ट वाङ्मयीन भूमिका उभी आहे याचे भानही राहत नाही. पार्श्वभूमी म्हणजे चित्रामागचा पडदा. ती अगोदरची असते, स्थिर असते आणि संहितेच्या बाहेर असते, असे हा शब्द मुकाट्याने गृहीत धरतो. मलय वाङ्मयाचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांनी हे गृहीतक फारच निष्ठेने पाळले. रिचर्ड विन्स्टेड या ब्रिटिश प्रशासक-अभ्यासकाने १९४० च्या सुमारास अभिजात मलय वाङ्मयाचा जो इतिहास सिद्ध केला, त्यात लोकवाङ्मय, हिंदू काळ, जावानीज प्रभाव, संक्रमण आणि इस्लामी काळ अशी थरांमागून थर रचल्यासारखी मांडणी आहे. भूगर्भशास्त्रज्ञाने खडक पाहावा तसे हे पाहणे आहे.

आपल्याकडच्या अभ्यासकांनीही याच थरांच्या कल्पनेवर आपली इमारत बांधली, फक्त त्यांना सर्वांत खालचा थर हवा होता. १९२६ साली कलकत्त्यात ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली आणि तिच्याशी निगडित विद्वानांनी आग्नेय आशियाचा इतिहास ‘बृहत्तर भारता’चा इतिहास म्हणून मांडला. रमेशचंद्र मजुमदारांचा ‘सुवर्णद्वीप’ (१९३७) हा ग्रंथ व्यासंगाच्या दृष्टीने आजही आदरणीय आहे. पण त्यातील वसाहतींची परिभाषा आज वाचवत नाही. पारतंत्र्यातील देशाने आपल्याही कधीकाळी वसाहती होत्या असे म्हणून समाधान शोधावे, हे मानसशास्त्रीय दृष्ट्या समजण्यासारखे आहे, वाङ्मयीन दृष्ट्या मात्र त्याने फार नुकसान केले. मलय संहितांत ‘आपले’ काय आहे एवढेच शोधण्याची सवय लागली आणि जे ‘आपले’ दिसले नाही ते इस्लामने आणलेले उपरे ठरले. याच्या अगदी उलट टोकाला सय्यद मुहम्मद नकीब अल्-अत्तास यांची भूमिका आहे. १९६९ व १९७२ मधील त्यांच्या लेखनात मलय जगाचे इस्लामीकरण हीच खरी बौद्धिक क्रांती मानलेली असून त्यापूर्वीचे सारे त्यांना सौंदर्यप्रधान, वरवरचे, विचाराच्या खोलीला न भिडलेले वाटते. दोन्ही भूमिका परस्परविरोधी दिसतात, परंतु दोघांचा पाया एकच आहे : हिंदू-बौद्ध म्हणजे भारतीय, इस्लामी म्हणजे अभारतीय, आणि एक संपल्यावर दुसरे सुरू. प्रस्तुत लेखात हा पायाच काही संहितांच्या आधारे तपासावयाचा आहे.

शिलालेखांपासून आरंभ करणे भाग आहे, कारण मलय भाषेचे पहिले लेखन दगडावर आहे. पालेम्बांगजवळ सापडलेला कदुकान बुकित येथील लेख इ. स. ६८२ चा. लिपी पल्लव वळणाची, कालगणना शकाची, आरंभ ‘स्वस्ति’ने, आणि विषय दपुन्त हियांग नावाच्या नायकाची सैन्यासह ‘सिद्धयात्रा’. सैन्याची संख्या ‘दोन लक्ष’ सांगितली आहे. मात्र मलय भाषेत ‘लक्स’ म्हणजे दहा हजार, तेव्हा ती वीस हजार समजावयाची. उसना शब्द घेतला तरी त्याची किंमत घेणारा ठरवतो, याचे इतके नेमके उदाहरण क्वचित मिळते. दोन वर्षांनंतरचा, ६८४ चा तलांग तुवोचा लेख तर वाङ्मयीन दृष्ट्याही वाचनीय आहे. श्रीविजयचा राजा श्री जयनाश याने लावलेल्या ‘श्रीक्षेत्र’ नावाच्या बागेचा तो लेख आहे. नारळ, पोफळी, सागो, बांबू अशी झाडांची नावे येतात आणि या बागेचे पुण्य सर्व प्राणिमात्रांना लाभो, अशी महायानी प्रार्थना येते. झाडांची नावे मलय, प्रार्थनेची परिभाषा संस्कृत, वाक्यरचना पुन्हा मलय. त्याच काळात चिनी भिक्षू इत्सिंग ६७१ मध्ये श्रीविजयला उतरून नालंदेस जाण्यापूर्वी तेथे संस्कृत व्याकरण शिकला होता. शेल्डन पोलॉक यांनी २००६ मध्ये ज्याला संस्कृतचे विश्वराज्य म्हटले त्याचा हा पूर्वेकडील प्रांत. आणि पोलॉक यांचा मुद्दा असा की हे विश्व सैन्याने जिंकलेले नव्हते, ते स्वेच्छेने पत्करलेले होते.

पुढचा दगड अधिक बोलका आहे. मलय द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरील तरंगानू येथील शिलालेख अरबी वळणाच्या, म्हणजे जावी, लिपीतील मलय लेखनाचा सर्वांत जुना ज्ञात नमुना होय. त्याच्या तारखेचा भाग फुटलेला असल्यामुळे १३०३ पासून १३८७ पर्यंत निरनिराळी वर्षे सुचविली गेली आहेत. अल्-अत्तास १३०३ मानतात. कर्ज, व्यभिचार, खोटी साक्ष यांविषयीचे इस्लामी धर्तीचे दंडविधान त्यात आहे. लिपी अरबी, कायदा इस्लामी. आणि परमेश्वराचे नाव? जेथे ‘अल्लाह’ येईल असे वाटते तेथे ‘देवता मुलिया राया’ असा शब्दप्रयोग येतो. ‘देवता’ उघडच संस्कृत, ‘मुलिया’ची व्युत्पत्ती ‘मूल्य’पर्यंत नेली जाते, ‘राया’ म्हणजे मलय भाषेत थोर. एकेश्वरवादाची पहिली मलय घोषणा संस्कृत शब्दांत झाली. सुमात्राच्या उत्तर टोकास मिन्ये तुजुह येथे १३८० चा एक थडग्याचा दगड आहे. त्याची गोष्ट याच्या नेमकी उलटी : मृत राणी मुसलमान, शब्दांत अरबी भरपूर, पण लिपी भारतीय वंशाची आणि छंद अभ्यासकांच्या मते संस्कृत उपजाती.

हे ‘संक्रमण’ होते, म्हणजे एक थर विरत होता आणि दुसरा चढत होता, असे म्हणून भागेल काय? संक्रमण संपल्यावर जुने शब्द गळून पडावयास हवे होते. ते गळले नाहीत. रमजानच्या उपवासाला मलय मुसलमान आजही ‘पुआसा’ म्हणतो, म्हणजे आपला ‘उपवास’. पुण्यकर्माचे फळ ‘पहाला’, पाप ‘दोसा’, स्वर्ग ‘शुर्गा’, नरक ‘नराका’, धर्म ‘आगामा’, आणि जन्नतमधील हूर म्हणजे ‘बिदादारी’, विद्याधरी. वाङ्मयाला शब्द ‘सस्तरा’, भाषेला ‘बहासा’. कुआलालंपूरच्या ज्या संस्थेने १९५६ पासून मलय भाषेच्या प्रमाणीकरणाचे कार्य केले तिचे नाव ‘देवान बहासा दान पुस्ताका’. त्यातला दिवाण फारसी, भाषा नि पुस्तक संस्कृत, आणि मधले ‘दान’ हे उभयान्वयी तेवढे मलय. या शब्दांना ‘अवशेष’ म्हणणे चुकीचे ठरेल. अवशेष निर्जीव असतात. हे शब्द इस्लामी अर्थ पूर्णपणे वाहतात. मराठी वाचकाला याचा दाखला दूर शोधावा लागणार नाही. फादर स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराणा’त ख्रिस्ती स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ वापरले तेव्हा त्याने वैष्णव थरावर ख्रिस्ती थर चढवला असे आपण म्हणत नाही. एका भाषेतून नवा धर्म बोलता करण्याचा तो प्रयत्न होता असे म्हणतो. ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापले गेले. या सनाकडे आणि या स्थळाकडे आता वळावयाचे आहे.

मलय गद्याचा मुकुटमणी समजल्या जाणाऱ्या ग्रंथाचे मूळ नाव ‘सुलालतुस्सलातीन’, म्हणजे सुलतानांची वंशपरंपरा. लोकांत तो ‘सजारा मलायु’ या नावाने ओळखला जातो. जॉन लेडनचे इंग्रजी भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर १८२१ मध्ये प्रसिद्ध झाले ते ‘मलय वृत्तान्त’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली, आणि त्या शीर्षकाने एक अनर्थ घडवला. वृत्तान्त म्हटले की वाचक घटनांची कालक्रमवार नोंद अपेक्षितो. ती मिळाली नाही की ग्रंथकर्त्याला भोळा किंवा लबाड ठरवतो. आपल्या बखरींच्या नशिबी हेच आले होते. राजवाड्यांसारख्या कागदपत्रांच्या उपासकाने बखरींना जी वागणूक दिली ती आठवावी. ‘सजारा’ हा शब्द अरबी ‘शजरा’पासून आला, त्याचा अर्थ वृक्ष. हा ग्रंथ वंशवृक्ष आहे, आणि वृक्षाची मुळे कोठे रुजवायची हे ठरवणे हाच त्याचा उद्योग.

या ग्रंथाच्या अनेक हस्तलिखितांपैकी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत असलेली ‘रॅफल्स १८’ या क्रमांकाची पोथी विन्स्टेडने १९३८ मध्ये संपादित केली. पोथी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची नक्कल असली तरी पाठ जुना मानला जातो. तिच्या प्रस्तावनेत एक प्रसंग आहे. हिजरी १०२१, म्हणजे इ. स. १६१२. जोहोरच्या दरबारातील थोर मंडळी बसलेली असताना विषय निघतो की गोव्याहून कोणी एक ‘हिकायत मलायु’ आणली आहे, तिची रीतिरिवाजांसह दुरुस्ती व्हावी म्हणजे ती पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडेल. राजाज्ञा होते आणि काम बंदाहाराकडे, म्हणजे मुख्य प्रधानाकडे, येते. अन्य पाठांत त्याचे नाव तुन मुहम्मद, ऊर्फ तुन स्री लानांग, असे दिलेले आहे.

हे ‘गोवा’ कोणते? पहिला अर्थ आपला गोवा. दुसरा, सुलावेसी बेटावरील मकास्सरचे गोवा राज्य. तिसरा, पाहांग प्रांतातील एक लहानसे ठिकाण, जे डब्ल्यू. लिनेहान यांनी सुचविले. वादाची गंमत अशी की जावी लिपीत ‘ओ’ आणि ‘उ’ हे स्वर एकाच ‘वाव’ने दाखवले जातात, त्यामुळे तिन्ही स्थळांची नावे एकसारखीच लिहिली जातात. निर्णय पोथीच्या अक्षरांतून निघणार नाही, तो संहितेच्या आतूनच काढावा लागेल.

मकास्सरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे मलय व्यापाऱ्यांची वसाहत सोळाव्या शतकापासून होती, आणि १६०५ ते १६०७ या काळात तेथील राजघराण्याने इस्लाम स्वीकारला होता. अशा ठिकाणी मलय पोथी असणे स्वाभाविकच. परंतु एक अंतर्गत पुरावा मला महत्त्वाचा वाटतो. याच ग्रंथाच्या उत्तरार्धात फिरंग्यांचे पहिले गलबत मलाक्काला येते ते ‘गोव्याहून’. लोक त्यांच्याभोवती जमतात, दाढ्या ओढून पाहतात आणि हे तर गोरे बंगाली असे म्हणतात. कप्तान परत जाऊन ‘बिझुराई’ला, म्हणजे व्हाइसरॉयला, मलाक्काच्या वैभवाची बातमी देतो. इतिहासाला अनुसरून पाहिले तर पहिली स्वारी दिओगु लोपिश द सिकैराची, १५०९ मधली; गोवा पोर्तुगीजांनी घेतले १५१० मध्ये; आणि आफोंसो द आल्बुकर्कने मलाक्का जिंकली १५११ मध्ये. ग्रंथकाराने अगोदरच्या गलबतालाही गोव्याहून आणले, कारण १६१२ साली जोहोरमध्ये बसलेल्या माणसाला फिरंगी म्हटले की गोवाच आठवणार. ज्या ग्रंथाच्या भूगोलात गोवा हे नाव शत्रूची राजधानी म्हणून असे ठसलेले आहे, त्याच्या प्रस्तावनेत तेच नाव काहीही खुलासा न करता दुसऱ्या स्थळासाठी येईल, हे कमी संभवनीय वाटते. १५८७ मध्ये दोम पावलु द लिमा याच्या आरमाराने जोहोर लामा उद्ध्वस्त केले. मलाक्काच्या किंवा जोहोरच्या लुटीतून एखादी पोथी पश्चिमेस जाण्याची वाट मोकळी होती.

याला सिद्धता म्हणता येणार नाही. पण वाचनाच्या दृष्टीने त्याचे परिणाम मोठे आहेत. गोवा आपला असेल तर मलयांचा इतिहास लिहिण्याची प्रेरणा त्यांच्या राजधानीचा नाश करणाऱ्यांच्या गावाहून परत आलेल्या पोथीतून मिळाली, असे होते. ‘दुरुस्ती’ हा शब्द मग लेखनिकाच्या शुद्धिपत्रापुरता राहत नाही. हरवलेले राज्य शब्दांत पुन्हा बांधण्याचे ते काम ठरते, आणि ते दरबाराच्या दृष्टीने तातडीचेही होते. कारण अचेहच्या इस्कंदर मुदाने पुढच्याच वर्षी, १६१३ मध्ये, जोहोरवर हल्ला केला.

आता या वृक्षाची मुळे पाहू. आरंभी इस्कंदर झुल्कर्नैन, म्हणजे कुराणातील द्विशृंगी सिकंदर, हिंदच्या राजावर चालून येतो, त्याला मुसलमान करतो आणि त्याच्या कन्येशी विवाह करतो. या वंशात राजा चुलान जन्मतो; नावात चोळांची आठवण स्पष्ट आहे, आणि राजेंद्र चोळाने १०२५ च्या सुमारास श्रीविजयवर केलेल्या स्वारीची अंधुक सावली त्यामागे असावी. हा राजा काचेच्या पेटीत बसून समुद्रतळाशी उतरतो आणि तेथील राजकन्येशी लग्न करतो. त्याचे वंशज पालेम्बांगच्या सिगुंतांग टेकडीवर प्रकटतात. दोन स्त्रियांच्या भातशेतीतील दाणे एका रात्रीत सोन्याचे, पाने रुप्याची होतात. मग एक गाय फेस ओकते, त्या फेसातून एक पुरुष निघतो, त्याचे नाव ‘बात’. आणि तो नव्या राजाची स्तुती एका अगम्य भाषेत म्हणतो. ती भाषा मोडतोड झालेली संस्कृत आहे. ‘बात’ म्हणजे भट किंवा भाट, हे सांगायला कोशाची गरज नाही. अशा स्तुतिपाठाला ‘चिरी’ म्हणतात आणि पेराकच्या राज्याभिषेकात तो पुढेही म्हटला जात असे.

पाश्चात्त्य संपादकांना हे सारे भाबड्या कल्पनेचे खेळ वाटले. माझ्या मते ही अत्यंत जाणती रचना आहे. राजसत्तेला अधिष्ठान हवे आणि त्या काळातल्या प्रत्येक श्रोतृवर्गाला पटणारे हवे. कुराण मानणाऱ्याला झुल्कर्नैन, समुद्रावर जगणाऱ्याला सागरकन्या, शेतकऱ्याला सोन्याचे भात, आणि जुन्या दरबारी विधीला भाटाचे संस्कृत. हे थर एकमेकांवर नाहीत, एकाच वाक्यरचनेतील पदे आहेत. हिंदचा राजाही येथे येतो तो सिकंदराचा सासरा म्हणून, इस्लामी वंशावळीचाच एक दुवा होऊन.

याच टेकडीवर ग्रंथाचा कणा असलेला करार होतो. स्थानिक प्रमुख दमांग लेबार दाऊन आपली कन्या नव्या राजाला देण्यापूर्वी अट घालतो : माझ्या वंशजांनी अपराध केला तर त्यांना शासन कर, अपराध मोठा असेल आणि शरियतला मान्य असेल तर देहान्तही दे, पण त्यांची अप्रतिष्ठा करू नकोस, त्यांना अभद्र बोलू नकोस. राजा ते मान्य करून उलट मागतो की तुझ्या वंशजांनी माझ्या वंशजांशी, ते जुलमी निघाले तरी, द्रोह करू नये. ‘दरहाका’ हा मलय शब्द ‘द्रोहक’पासूनच आलेला. इस्लामपूर्व काळात होणाऱ्या या करारात शरियतचा उल्लेख येतो, याकडे कालविपर्यास म्हणून बोट दाखवले गेले. हा कालविपर्यास आहेच. पण तो बंदाहाराच्या बाजूने केलेला आहे. प्रजेच्या मानाला त्याने जुन्या शपथेचे आणि नव्या कायद्याचे असे दुहेरी संरक्षण दिले. पुढे संहिता या कराराची मोडतोड एकामागून एक नोंदवत जाते. सिंगापुराचा राजा आपल्या रखेलीला, एका सरदाराच्या मुलीला, भर बाजारात विटंबना करून मारतो, आणि तो सरदार जावाच्या सैन्याला दरवाजे उघडतो. मलाक्काचा सुलतान महमूद बंदाहारा सरी महाराजाला कुटुंबीयांसह अन्यायाने मारवतो, आणि लवकरच फिरंगी येतात. ग्रंथकार कोठेही राजाला दोष देत नाही. तो फक्त दोन घटना शेजारी ठेवतो. बंदाहाराच्या घराण्यातील लेखकाने, राजाज्ञेने लिहिताना, याहून अधिक काय करावे?

मलाक्का पडण्याच्या आदल्या रात्रीचा प्रसंगही तसाच. तरुण सरदार म्हणतात, रिकामे बसण्यापेक्षा एखादी युद्धकथा ऐकू. आणि सुलतानाकडे मुहम्मद हनफियाची हिकायत मागतात. हजरत अलीचा हा पुत्र करबलाचा सूड घेणारा वीर. सुलतान आधी त्यांना अमीर हम्झाची हिकायत पाठवतो. हनफियाइतके शौर्य तुमच्यात नसेल अशी शंका त्याला वाटते. सरदार चतुर उत्तर देतात, राजा हनफियासारखा असेल तर आम्ही त्याच्या सेनापतीसारखे होऊ. आणि त्यांना हवी ती पोथी मिळते. दोन्ही कथा फारसीतून आलेल्या. हम्झाची कथा तर अकबराच्या चित्रशाळेने अजरामर केली. येथे वाङ्मय युद्धाची पार्श्वभूमी होते, की युद्ध वाङ्मयाची? मला तरी हा प्रश्न सोडवता न येण्यातच त्या प्रसंगाचे सामर्थ्य दिसते.

रामकथेकडे वळले की आपल्या वाचकाची उत्सुकता वाढते आणि नेमकी तेथेच फसगत होते. ‘हिकायत सरी रामा’ची एक जुनी पोथी आर्चबिशप लॉड यांच्या संग्रहात १६३३ मध्ये आली, ती आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तीत हद्दपार झालेला रावण सरन्दीबच्या डोंगरावर उलटे लटकून तप करतो. तेथे त्याला नबी आदम भेटतात आणि त्यांच्या मध्यस्थीने अल्ला त्याला चार लोकांचे राज्य देतो. स्वर्गातून पतन झाल्यावर आदम सिंहलद्वीपात उतरले अशी मुस्लिम परंपरा आहे, आणि रावण तर लंकेचाच. दोन परंपरांचा भूगोल एका डोंगरावर जुळला, मलय कथाकाराने त्यांची गाठ घालून दिली. सीता मंदोदरीची कन्या आणि हनुमान रामाचा पुत्र, हे वाचून वाल्मीकीच्या मापाने ‘विकृती’ म्हणणारे अभ्यासक झाले. सीता रावण-मंदोदरीची कन्या असल्याची कथा गुणभद्राच्या जैन ‘उत्तरपुराणा’त नवव्या शतकातच आहे, आणि ‘अद्भुतरामायणा’तही सीता मंदोदरीच्या पोटची आहे. तेव्हा विकृती कोणाची? मलय कथाकाराच्या हाती आलेला भारत बहुमुखी होता; एकमुखी भारत नंतरच्या अभ्यासकांनी कल्पिला.

आणि या रामकथेचा सर्वांत कडवा शत्रू कोण होता? नूरुद्दीन अर्-रानीरी. ‘रानीरी’ म्हणजे रांदेरचा; सुरतेजवळच्या तापीकाठच्या रांदेर बंदरात, हद्रमौती अरब घराण्यात, त्याचा जन्म झाला. १६३७ मध्ये तो अचेहच्या सुलतान इस्कंदर थानीच्या दरबारी स्थिरावला. त्याच्या ‘सिरातल् मुस्तकीम’ या फिक्हच्या ग्रंथात असे मत आहे की सरी रामा व इंद्रपुत्र यांच्या हिकायतींची पाने, त्यांवर अल्लाचे नाव नसेल तर, शौचशुद्धीसाठी वापरण्यास हरकत नाही. हम्झा फन्सूरी आणि शम्सुद्दीन या सुमात्रन सूफींचे अस्तित्वाच्या एकत्वाचे तत्त्वज्ञान त्याने पाखंड ठरवले. त्यांचे ग्रंथ जाळले गेले, अनुयायांना देहदंड झाला. हम्झा हा मलय भाषेत ‘शाइर’ हा चार समयमकी चरणांचा प्रकार रुजवणारा कवी. त्याचा काळ सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध मानला जाई, पण मक्केत आढळलेल्या १५२७ च्या थडग्यावरील लेखामुळे तो बराच मागे न्यावा लागेल, असे मत २००० मध्ये पुढे आले.

रानीरीचे उदाहरण आपल्या गृहीतकाला पुरते उलटे करते. सुमात्रातील मलय लोक ‘भारतीय’ रामकथा जपत होते आणि गुजरातेत जन्मलेला विद्वान ती पुसू पाहत होता. पासाईतील जुनी कबरदगडे खंबायतच्या कारागिरीची, असे मोकेट यांनी १९१२ मध्ये दाखवले होते. इस्लामही येथे मोठ्या प्रमाणावर भारतीय बंदरांमधूनच गेला. म्हणजे ‘भारतीय प्रभाव’ नावाचा जो एक काळ आपण इस्लामपूर्व खणात ठेवला आहे, तो सतराव्या शतकातही चालू होता, फक्त फिक्हच्या रूपात. रोनित रिची यांनी २०११ मध्ये तमिळ, जावानीज व मलय मजकूर एकत्र वाचून अरबी भाषेचे जे विश्व मांडले, त्यात दक्षिण भारत ही वाट नसून घर आहे. आणखी एक गोष्ट : याच रानीरीने १६३८ मध्ये आरंभलेल्या ‘बुस्तानुस्सलातीन’ या विश्वेतिहासात मलय राजांचे प्रकरण लिहिताना बंदाहाराच्या ‘सुलालतुस्सलातीन’चा आधार घेतला. रामकथा शौचास योग्य ठरवणाऱ्याला सागरकन्येची वंशावळ मात्र इतिहास म्हणून चालली. धर्माची रेषा कोठे ओढायची हे राज्यसंस्थेच्या गरजेवर ठरत होते. १६४४ मध्ये एका प्रतिपक्षी पंडिताशी झालेल्या वादानंतर तो रांदेरला परतला आणि १६५८ मध्ये तेथेच वारला.

कराराचा प्रश्न ‘हिकायत हांग तुआह’मध्ये अधिक उग्र होतो. या ग्रंथाचा नायक ‘लक्समाना’, म्हणजे आरमारप्रमुख. रामाच्या आज्ञाधारक भावाचे नाव येथे हुद्दा बनले आहे. तो वकील म्हणून कलिंगभूमीत जातो आणि विजयनगरच्या ‘किस्ना रायान’च्या दरबारी मान मिळवतो. मात्र ग्रंथाचे मर्म त्या प्रवासांत नाही. खोट्या आळावरून तुआहला देहान्त सुनावला जातो, बंदाहारा त्याला लपवतो, त्याचा मित्र हांग जबात मित्राच्या मृत्यूने संतापून राजवाडा बळकावतो, आणि जिवंत परतलेला तुआह राजाज्ञेने त्याला ठार करतो. शतकानुशतके तुआह निष्ठेचा आदर्श राहिला. १९५९ मध्ये कासिम अहमद या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात जबात हाच खरा नायक, असे प्रतिपादन केले आणि मोठा वाद उसळला. मलायाच्या स्वातंत्र्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्या वाचनात नव्या राष्ट्राच्या गरजा होत्या हे खरे. परंतु त्याचे बीज संहितेत नव्हते असे म्हणता येणार नाही. ‘सुलालतुस्सलातीन’मध्ये राजाने मानभंग न करण्याची अट आधी येते, द्रोह न करण्याची नंतर. जबातने बंड केले ते पहिली अट मोडल्यावर.

एवढ्या संहिता आपल्यापर्यंत पोचल्या त्या वसाहतीच्या हातातून, आणि पुष्कळशा पोचल्याच नाहीत. रॅफल्सने जमवलेल्या पोथ्यांचा मोठा साठा २ फेब्रुवारी १८२४ रोजी बेंकूलनजवळ ‘फेम’ या जहाजाला लागलेल्या आगीत गेला. मुन्शी अब्दुल्ला याने आपल्या आत्मचरित्रात या पोथ्यांबद्दल हळहळ केली आहे, कारण त्यांच्या नकलाही मागे राहिल्या नव्हत्या. १८४३ मध्ये पूर्ण होऊन १८४९ मध्ये सिंगापुरात शिळाछापावर निघालेली ‘हिकायत अब्दुल्ला’ मलय गद्यातील पहिले आधुनिक पुस्तक म्हणून गणली जाते. तीत राजांवर उघड टीका आहे. बंदाहाराने दोन घटना शेजारी ठेवून जे सुचवले ते अब्दुल्ला स्पष्ट बोलतो, इंग्रजांच्या छत्राखाली बसून बोलतो, आणि त्यामुळेच मलय राष्ट्रवादी समीक्षकांना तो कधी पूर्णपणे आपला वाटला नाही. त्याचा पणजोबा येमेनहून तमिळ देशातील नागोरला आलेला अरब, त्याचा स्वतःचा जन्म मलाक्काचा, आणि ‘मुन्शी’ ही उपाधी त्याला मलाक्काच्या छावणीतील हिंदी शिपायांनी दिलेली, ज्यांना तो मलय शिकवीत असे. १८३५ मध्ये त्याने पंचतंत्र मलय भाषेत आणले. तेच पंचतंत्र अरबी-फारसी वाटेने ‘कलीला आणि दमीना’ होऊन मलय जगात कधीच पोचले होते. अब्दुल्लाने ते पुन्हा केले, आणि या वेळी तमिळवरून.